चढावर गाडी मागे आली, रिव्हर्सला खांब लागला: तीन आठवड्यांनी पुन्हा टेस्ट, तयारी कशी करू?

प्रश्न

ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पहिल्या खेपेला नापास झाले. शेरे तीन. चढावर थांबून निघताना गाडी अर्धा मीटर मागे घरंगळली, रिव्हर्स पार्किंगमध्ये पुढचा कोपरा खांबाला लागला आणि वळण्याआधी आरसे बघितले नाहीत. गाडी साधी, हाताने गिअर टाकायची पेट्रोल हॅचबॅक. सरावाला रोज पाऊण तास मिळतो, शेजारी बसायला अनुभवी माणूस आहे, मोकळं मैदान आणि सौम्य चढ दोन्ही जवळ आहेत. सगळं पहिल्यापासून शिकू की या तीनच गोष्टी घोटू? आणि आरशात मी बघत होते, तरी तो शेरा कसा आला?

प्रतिसाद १

पहिल्यापासून नको. शेरे तीन दिसतात, पण तिन्हींच्या मुळाशी बहुधा एकच गोष्ट आहे: क्लचवर गाडी रांगवता येत नाही. त्यामुळे चढावर पाय गोंधळतो, रिव्हर्सला गाडी हातांपेक्षा पुढे पळते आणि सगळं लक्ष पायांत अडकल्यामुळे मान फिरत नाही. म्हणून पहिले चार-पाच दिवस फक्त क्लच.

सपाट जागा, पहिला गिअर, रेस अजिबात नाही. क्लच पूर्ण सोडला की गाडी ताशी सहा-सात किलोमीटरने जाते, म्हणजे दहा मीटर पाच-सहा सेकंदांत. तेच दहा मीटर तुम्हाला तीस सेकंदांत पार करायचे आहेत. क्लच जेमतेम पकडेल इतकाच सोडायचा, गाडी हलली की कागदाच्या जाडीइतका परत दाबायचा, पुन्हा सोडायचा. जमलं की हेच रिव्हर्समध्ये. गुडघा वर-खाली होत असेल तर नियंत्रण येणार नाही. जमत असेल तर टाच जमिनीला टेकवा आणि घोट्यातून पाय हलवा.

त्याआधी सीट बघा. क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट दोन खाचा मागे असली तर पाय ताणला जातो आणि शेवटचा सेंटीमीटरभर क्लच झटक्याने सुटतो. पायपुसणी पेडलखाली सरकत असेल तर काढून टाका. जाड सोलचे बूटही नकोत, क्लच नेमका कुठे पकडतो ते तळव्याला कळत नाही.

आता चढ. हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पहिला गिअर, थोडी रेस देऊन इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा १५०० च्या आसपास स्थिर धरा. क्लच हळू सोडत जा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, काटा थोडा खाली येतो आणि बॉनेटचं नाक जरासं उचलल्यासारखं वाटतं. तिथे डावा पाय गोठवा. मनात एक-दोन मोजा, आरसे बघा, मगच हँडब्रेक खाली. गाडी जागच्या जागी उभी राहिली तर पकड बरोबर आहे. मागे आली तर पकड मिळण्याआधी ब्रेक सुटला. बंद पडली तर रेस कमी होती, किंवा ब्रेक सोडताना डावा पायही नकळत उचलला गेला. हे दुसरं फार जणांचं होतं, कारण एक पाय हलला की दुसराही सोबत हलतो.

एका दमात आठ-दहा वेळांपेक्षा जास्त करू नका. अर्ध्या क्लचवर प्लेट घासून तापते. जळका वास आला की गाडी सपाटीवर नेऊन दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या.

प्रतिसाद २

रिव्हर्सबद्दल. पुढचा कोपरा लागला म्हणजे तुमचं लक्ष पूर्ण वेळ मागे होतं. वळतात पुढची चाकं, त्यामुळे मागे जाताना गाडीचं शेपूट आत वळतं आणि नाक उलट्या बाजूला बाहेर फेकलं जातं. मागचा बंपर जागेत शिरायला लागला की एक नजर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या कोपऱ्यावर गेलीच पाहिजे.

मैदानात खांब म्हणून पाण्याने अर्ध्या भरलेल्या बाटल्या ठेवतात, पण सीटवरून त्या दिसतच नाहीत. प्रत्येक बाटलीत मीटरभर उंच काठी खोचा. जागेची रुंदी सुरुवातीला गाडीच्या रुंदीपेक्षा मीटरभर जास्त, मग दर दोन दिवसांनी थोडी कमी. रस्त्याकडेला समांतर लावायचा सराव करणार असाल तर लांबी गाडीच्या दीडपट ठेवा.

गाडी हळू, हात भराभर. बहुतेक गाड्यांत मधोमधपासून एका टोकाला दीड-एक फेरा लागतो. गाडी वेगात असेल तर तो फेरा पूर्ण होईपर्यंत दोन मीटर संपलेले असतात, आणि मग खांब लागतो. उभ्या गाडीत स्टिअरिंग पिळायची सवय मात्र लावून घेऊ नका, टायर आणि स्टिअरिंगवर ताण येतो.

चाकं सरळ आहेत की नाही हे विसरायला होतं. स्टिअरिंगच्या माथ्यावर सरावापुरती रंगीत चिकटपट्टी लावा आणि शेवटच्या आठवड्यात काढून टाका.

आणि चुकलं असं वाटलं तर मागे रेटू नका. थांबा, सरळ पुढे या, पुन्हा मागे घ्या. अशी दुरुस्ती किती वेळा चालते हे तुमच्या टेस्टच्या नियमांत बघून ठेवा.

प्रतिसाद ३

आरशांचं उत्तर देते. तुम्ही बघत होतात, पण फक्त डोळे फिरवून, आणि बहुधा इंडिकेटर दिल्यानंतर. परीक्षकाला बुबुळं दिसत नाहीत, मान दिसते. नाटक करायचं नाही, पण हनुवटी खरोखर वळली पाहिजे. खांद्यावरून मागे बघायला ती तशीही वळवावी लागतेच, कारण दारालगतचा पट्टा कुठल्याच आरशात येत नाही.

क्रम पक्का करा: आधी आतला आरसा, मग ज्या बाजूला जायचं तिकडचा, मग इंडिकेटर, मग वेग कमी, आणि स्टिअरिंग फिरवण्याच्या क्षणी खांद्यावरून एक नजर. ब्रेक लावण्याआधीही आतला आरसा, हे सर्वांत जास्त राहून जातं.

आरसे बसवताना आतल्यात मागची काच पूर्ण दिसू द्या. बाहेरच्यांत आपल्या गाडीची बाजू फक्त कडेला बोटभर, क्षितिज मधोमध. बाहेरचा आरसा बहिर्गोल असेल तर मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब भासते, तेव्हा अंतराचा अंदाज आतल्या आरशावरून घ्या.

सवय लावायला दोन दिवस मोठ्याने बोलत चालवा: "मागे दुचाकी, पुढे वळण, आरसा, इंडिकेटर." बोलता बोलता जिथे शब्द तुटतात, तिथेच बघणंही सुटतंय.

प्रश्न

टेस्टला दुसरी गाडी मिळाली तर? आणि चढावर हँडब्रेकऐवजी नुसत्या पायाच्या ब्रेकवर निघालं तर चालेल ना?

प्रतिसाद १

परीक्षक हँडब्रेकच हवा म्हणत नसेल तर चालतं, पण तुम्ही आत्ता हँडब्रेकच धरा. पायाच्या ब्रेकवर निघताना पकड आल्यानंतर उजवा पाय ब्रेकवरून रेसवर न्यायचा असतो, आणि त्याच अर्ध्या सेकंदात तुमची गाडी मागे आली असणार. काही गाड्यांत चढावर ब्रेक आपोआप दोन-तीन सेकंद धरून ठेवायची सोय असते. सराव अशा गाडीवर आणि टेस्ट बिनसोयीच्या गाडीवर, हा धोका आहे. डिझेल गाडी कमी फेऱ्यांवरही जोर देते, तिला रेस कमी पुरते.

दुसरी गाडी असेल तर निदान अर्धा तास ती आधी चालवून बघा. प्रत्येक क्लचची पकड वेगळ्या उंचीवर असते.

प्रतिसाद २

म्हणूनच "खांब मागच्या काचेच्या कोपऱ्यात दिसला की फुल स्टिअरिंग" अशा खुणांवर विसंबू नका. ती खूण त्या गाडीची, त्या सीटची आणि तुमच्या उंचीची असते. सीट एक खाच हलली तरी चुकते.

थांबायच्या रेषेचंही असंच. बॉनेटमुळे समोरची काही मीटर जमीन दिसत नाही. कुणाला तरी पुढे उभं करून रेषा नेमकी कुठे नाहीशी होते ते मोजून घ्या. आणि थांबा म्हणजे चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. रांगत पुढे जाणं थांबण्यात धरत नाहीत.

प्रतिसाद ३

दिवसांची वाटणी अशी करा: पहिला आठवडा क्लच आणि चढ, दुसरा रिव्हर्स, तिसरा पूर्ण रस्त्यावर. तिसऱ्या आठवड्यात दोनदा शेजारच्याला गप्प बसायला सांगा. त्यांनी कुठे वळायचं, कुठे थांबायचं एवढंच सांगायचं, चुका कागदावर लिहायच्या आणि गाडी थांबल्यावरच दाखवायच्या. तोपर्यंत "ब्रेक, ब्रेक" ऐकत चालवायची सवय असते, आणि टेस्टला तो आवाज नसतो.

टेस्टच्या आदल्या दिवशी हॉर्न, ब्रेकचे दिवे, इंडिकेटर, टायरची हवा बघा. शिकाऊ लायसन्सची मुदत टेस्टच्या तारखेपर्यंत आहे ना, तेही.

गाडी मध्येच बंद पडली तर क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रल, चावी. मग पुन्हा सगळे आरसे बघून निघा. बंद पडण्यापेक्षा घाईत न बघता निघणं जास्त धोक्याचं.