‘लुझिया’त सगळा मेक्सिको आहे, मग मेक्सिकन सर्कस कुठे आहे?

जुना प्रेक्षक (धागाकर्ता):

कॅनडातील क्यूबेकच्या ‘सर्क द्यू सोलेय’ या सर्कस संस्थेने मेक्सिकोवर बेतलेला ‘लुझिया’ हा प्रयोग एप्रिल २०१६ मध्ये माँट्रियलला सादर केला आणि महासाथीचा खंड सोडला तर तेव्हापासून तो देशोदेशी फिरत आहे. मी तो लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये पाहिला. प्रयोग देखणा आहे, याबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. रंगमंचाच्या कडेने झेंडूची हजारो फुले आहेत, मोनार्क फुलपाखराचे प्रचंड पंख लावलेली धावणारी मुलगी आहे, युकातानातील सेनोते नावाच्या नैसर्गिक विहिरीची आठवण करून देणारे पाणी आहे, त्या पाण्याकाठी येणारा जॅग्वार आहे, लुचा लिब्रे या मुखवटेधारी कुस्तीतला मल्ल आहे, फुटबॉल आहे, जुन्या मेक्सिकन चित्रपटांच्या चित्रीकरणाचा माहोलही आहे.

माझा आक्षेप या यादीत काय नाही यावर आहे. सर्कशीच्या इतिहासात मेक्सिकोचे नाव ज्या एका खेळासाठी आदराने घेतले जाते, तो उडत्या झुल्यांचा खेळ (फ्लाइंग ट्रॅपीझ) मूळ प्रयोगात नाही. सोनोरा प्रांतात जन्मलेल्या आल्फ्रेदो कोदोना याने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हवेतल्या तीन कोलांट्या आपल्या नावावर केल्या. १० जुलै १९८२ रोजी अमेरिकेतील टूसॉन येथे मिगेल वास्केस याने प्रेक्षकांसमोर प्रथमच चार कोलांट्या घेतल्या आणि त्याला झेलणारे हात त्याच्या भावाचे, हुआनचे होते. आतायदे कुटुंबाची सर्कस १८८८ पासूनची आहे. एखाद्या देशाच्या संस्कृतीवर सर्कस बेतायची आणि त्या देशाच्या सर्कशीलाच वगळायचे, हे मला अजब वाटते. दिग्दर्शक दानिएले फिंझी पास्का स्वित्झर्लंडचे आहेत, संगीतकार क्यूबेकचे आहेत, यावर मी अडून बसलेलो नाही. देखाव्यांची रचना ऑस्कर मिळवलेल्या मेक्सिकन कलादिग्दर्शक एउखेनिओ काबायेरो यांची आहे, हेही मला ठाऊक आहे. परक्याने केले म्हणून नव्हे, तर सर्कसवाल्याने सर्कसवाल्याला ओळख दिली नाही म्हणून मी हे लिहितो आहे.

रिंगणवासी:

आपला मुद्दा ऐकायला गोड आहे, परंतु सर्कशीला आपण जे देशाचे लेबल लावत आहात ते तिला कधीच चिकटलेले नाही. इटलीच्या जुझेप्पे किआरिनी याने १८६० च्या दशकात मेक्सिको शहरात, सान फ्रान्सिस्कोच्या जुन्या मठाच्या आवारात आपली सर्कस थाटली होती. पुढे त्याच किआरिनीचा तंबू मुंबईला आला, तो आपल्या विष्णुपंत छत्र्यांनी पाहिला, आणि १८८० मध्ये छत्र्यांची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी राहिली. म्हणजे भारतीय सर्कशीचा आणि मेक्सिकोतल्या सर्कशीचा एक धागा एकाच इटालियन माणसाच्या हातून गेलेला आहे. पोर्फिरिओ दियास यांच्या राजवटीत मेक्सिकोने ज्या विदूषकाला डोक्यावर घेतले, तो रिकार्दो बेल जन्माने इंग्रज होता. आणि आपण अभिमानाने सांगितलेल्या चार कोलांट्यासुद्धा अमेरिकन तंबूत घेतल्या गेल्या! अशा व्यवसायात ‘मेक्सिकन सर्कस’ नावाची वेगळी वस्तू शोधून ती ‘लुझिया’त नाही म्हणून हळहळणे म्हणजे ज्याला गावच नाही त्याचा सातबारा मागण्यासारखे आहे.

शिवाय तांत्रिक बाजू पाहावी. फिरत्या तंबूत खराखुरा पाऊस पाडणारा हा या संस्थेचा पहिला प्रयोग आहे. पाणी वरून पडते, जमिनीतल्या हजारो छिद्रांतून खाली झिरपते, शुद्ध होऊन पुन्हा वर जाते. झुल्यावरचा कसरतपटू पांढरी पूड लावलेल्या कोरड्या तळव्यांवर विसंबून असतो. ओल्या तंबूत मोठे जाळे बांधून उडते झुले लावा, हे बाहेरून सांगणे सोपे आहे.

जमाखर्च:

दोघेही पैशाबद्दल बोलायला तयार नाहीत, म्हणून मी बोलतो. या प्रयोगाला मेक्सिकोच्या सरकारी पर्यटन मंडळाचे आर्थिक पाठबळ होते. ज्याचे पैसे त्याची पसंती, हा न्याय सर्कशीलाही लागू पडतो. पर्यटकाला जो मेक्सिको विकायचा, त्यात झेंडू, फुलपाखरे, जॅग्वार आणि निळे पाणी बसते. धुळीच्या मैदानात उभा असलेला, ठिगळे लावलेला, चार पिढ्यांचा तंबू बसत नाही. जुना प्रेक्षक यांना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर कलेत शोधू नये, ते हिशेबाच्या वहीत आहे.

कालक्रमही लक्षात घ्यावा. मेक्सिकोत सर्कशीत वन्य प्राणी वापरण्यावर देशभर बंदी २०१५ मध्ये लागू झाली. बंदीच्या हेतूशी माझे भांडण नाही. परंतु त्यानंतर कित्येक घरंदाज सर्कशी बंद पडल्या, उरलेल्यांना प्राण्यांविना नवा कार्यक्रम बसवण्यासाठी प्रशिक्षण आणि भांडवल हवे होते, आणि नेमक्या त्याच काळात सरकारी पैसा माँट्रियलच्या संस्थेच्या प्रयोगामागे उभा राहिला. खुद्द ते पर्यटन मंडळच २०१९ मध्ये सरकार बदलल्यावर मोडीत निघाले, पण ‘लुझिया’ चालूच राहिला. जाहिरात देणारा गेला आणि जाहिरात तेवढी उरली, असा हा मामला आहे.

मल्लखांबवाली:

‘जाहिरात’ हा शब्द इतक्या सहज वापरला जातो की समोर काय घडले ते पाहण्याची गरजच उरत नाही. त्यातील एक प्रसंग सांगते. सायर व्हील म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा मोठे धातूचे एकच कडे, ज्याच्या आत हातपाय ताणून उभे राहायचे आणि देहाच्या तोलावर ते नाण्यासारखे घुमवायचे. कोरड्या जमिनीवरही ते निसटते. इथे ते पावसात फिरवायचे असल्यामुळे कड्यांना सायकलच्या टायरचे रबर चढवले आहे. दोघी ओल्या जमिनीवर कडी फिरवत असतात, तिसरी त्यांच्या डोक्यावर झुल्यावर बसून पावसातून आरपार झोके घेत असते, आणि प्रत्येक झोक्याबरोबर तिच्या केसांतून पाण्याची कमान सुटते. मी स्वतः खांबावर वाढलेली आहे. घामाने निसटलेली पकड म्हणजे काय ते माझ्या पोटऱ्यांना माहीत आहे. हे पाहताना ‘यामागे कोणाचा पैसा’ असा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्याशी वाद घालण्यात मला रस नाही.

आपल्याकडचा अनुभवही आठवावा. याच संस्थेने २०१८ मध्ये ‘बझार’ या प्रयोगाची सुरुवात मुंबईत केली आणि त्यात मल्लखांब होता. शिवाजी पार्कच्या मातीत शिकवली जाणारी विद्या त्या रंगमंचावर पाहून आपल्यापैकी किती जणांनी दिग्दर्शकाचे पारपत्र तपासले? उलट आम्ही सगळे हरखून गेलो होतो.

जुना प्रेक्षक:

मल्लखांबवाली यांनी माझीच बाजू मांडली आहे, त्याबद्दल आभार. ‘बझार’मध्ये मल्लखांब होता, म्हणजेच या भूमीची स्वतःची कसरत, ती शिकलेल्या देहांसह, प्रयोगात होती. केवळ कमळ, मोर आणि हत्तीची आकृती दाखवून परदेशी कसरतपटूंनी त्यांचे नेहमीचे खेळ केले असते, तर आपण इतकेच हरखलो असतो का? ‘लुझिया’त पुष्कळदा असेच झाले आहे. चिनी तंबूंतून जगभर गेलेला, कड्यांतून सूर मारण्याचा खेळ फिरत्या पट्ट्यांवर आणला आणि कसरतपटूंना हमिंगबर्ड या चिमुकल्या पाखरांचा वेश दिला की तो मेक्सिकन ठरतो. खांबांवरच्या चढाईचेही तेच.

खांबाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. मेक्सिकोतील पापांतलाचे ‘व्होलादोरेस’, म्हणजे ‘उडणारे’, सुमारे तीस मीटर उंच खांबावर चढतात. एक जण माथ्यावर बासरी आणि ढोल वाजवतो, चौघे कमरेला दोर बांधून उलटे सुटतात आणि प्रत्येकी तेरा फेरे घेत जमिनीवर येतात. चार तेरी बावन्न, त्यांच्या जुन्या कालगणनेचे एक आवर्तन. युनेस्कोने २००९ मध्ये या विधीची नोंद घेतली आहे. हा विधी तंबूत आणावा असे मी म्हणणार नाही, कारण तो खेळ नाही. परंतु देहाने उंचीशी झुंजण्याची इतकी जुनी शिस्त ज्या देशात आहे, तिथल्या देहांना वगळून तिथल्या फुलांवर समाधान मानणे मला पटत नाही.

जमाखर्च:

धावणाऱ्या मुलीबद्दलही थोडे बोलू या. ती उत्तर मेक्सिकोतील चिवावाच्या डोंगरांत राहणाऱ्या, दूरवर धावण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रारामुरी लोकांना केलेले वंदन आहे, असे संस्थेकडूनच सांगितले जाते. रारामुरी स्त्रिया घेरदार झगे आणि टायरच्या रबराच्या साध्या वहाणा घालून दऱ्याखोऱ्यांतून धावतात. इथे त्यांच्या नावाने फुलपाखराचे पंख लावलेली मुलगी सरकत्या पट्ट्यावर एका जागी धावते आणि शेजारी यांत्रिक घोडा दौडतो. वंदन कोणाला आणि टाळ्या कोणाला!

रिंगणवासी:

स्वप्नातल्या मुलीने रबराच्या वहाणा घातल्या नाहीत, म्हणून तिच्यावर आरोपपत्र ठेवू नये. मोनार्क फुलपाखरे दरवर्षी कॅनडातून निघून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या जंगलात हिवाळा काढायला येतात. कॅनडातल्या संस्थेने मेक्सिकोविषयी बोलताना नेमके तेच पंख घ्यावेत, यात मला तरी विचार दिसतो. जाहिरातदाराला एवढे सुचत नाही.

आणि जॅग्वारकडे आपण सगळ्यांनी दुर्लक्ष केले. बंदीमुळे जो प्राणी रिंगणातून कायमचा गेला, तो इथे बाहुलीच्या रूपाने येतो, काही माणसे मिळून त्याला चालवतात, आणि कसरतपटू पाण्यातून येऊन त्याच्या मानेवर हात ठेवतो. चाबूक नाही, पिंजरा नाही. जमाखर्च म्हणतात की प्राण्यांविना काय करावे हे कोणी मेक्सिकन सर्कसवाल्यांना शिकवले नाही. मला वाटते, ते या एका प्रसंगात दाखवलेले आहे. ‘लुझिया’ २०१८ मध्ये मोंतेरे, ग्वादालाहारा आणि मेक्सिको शहरात जाऊन आला. ज्यांना पाहायचे होते त्यांनी पाहिले असेल.

जमाखर्च:

एवढ्या महाग तिकिटात?

मल्लखांबवाली:

तिकिटाचा मुद्दा मान्य आहे, तो कलाकृतीचा दोष नाही. जुना प्रेक्षक यांना मात्र उत्तर देते. मूळ ताफ्यात गायिका मेक्सिकोची होती, वादकांच्या हाती मारिंबा आणि ट्यूबा होते, कुंबिया आणि नोर्तेन्यो संगीताचे सूर प्रयोगभर वाजतात. सर्कस म्हणजे केवळ कोलांट्या नव्हेत. पण कसरतींच्या निवडीबद्दल आपण म्हणता त्यात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. मल्लखांब वगळून कोणी महाराष्ट्रावर सर्कस केली असती तर मीही इथे येऊन भांडले असते, आणि तरीही पावसातल्या त्या दोन कड्यांसाठी मी पुन्हा तिकीट काढीन.

जुना प्रेक्षक:

जरूर काढावे, मीही काढीन. आता रिंगणवासी यांच्या पाण्याविषयी. समारोपाच्या खेळात दोन मोठ्या पाळण्यांवरून कसरतपटू उंच उडून पलीकडच्या पाळण्यावर उतरतात. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर जमीन कोरडी करून हवेतला मोठा खेळ करता येतो, हे संस्थेनेच रोज रात्री सिद्ध केले आहे. जाळ्याचे म्हणाल, तर याच संस्थेच्या २००९ च्या ‘ओव्हो’मध्ये तंबूच्या माथ्याशी माणसे फेकण्या-झेलण्याचा खेळ होता आणि खाली भलेमोठे जाळे होते. जागा होती, साधने होती, अनुभव होता. वास्केस बंधूंच्या परंपरेतले झुलेवाले शोधायला फार लांब जावे लागले नसते; अमेरिकेतल्या सर्कशींमध्ये उडत्या झुल्यांवर मेक्सिकन घराण्यांची नावे पिढ्यान् पिढ्या दिसत आली आहेत. ते वगळणे ही निवड होती, अडचण नव्हती, आणि ती निवड का केली हे या धाग्यात अजून कोणी सांगितलेले नाही.