अनुभव धागा: ऑइलचा तळाचा बोल्ट अडकला, तेव्हा आपण काय केले?

मागच्या रविवारी साताऱ्यात घराच्या अंगणात ऑइल बदलायला बसलो असता, माझ्या स्प्लेंडरच्या इंजिनाखालचा बोल्ट सुटायचा सोडून त्याच्या डोक्याचे कोपरेच झिजून गोल झाले. चूक माझीच होती. १७ ची गोटी (बोल्टचे डोके सगळ्या बाजूंनी पकडणारा सॉकेट पाना) आणण्याचा कंटाळा करून मी हाताशी असलेला उघड्या तोंडाचा फिक्स पाना लावला. तो दोनच बाजूंनी पकडतो, त्यामुळे जोर देताच घसरला. बोल्ट पोलादी आणि चेंबर, म्हणजे इंजिनाचे ऑइल राहते ते खालचे कवच, ॲल्युमिनियमचे असल्याने पुढे हात लावण्याचे धाडस झाले नाही. सातारा-सांगलीकडच्या ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल, त्यांनी काय केले आणि काय करायला नको होते, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

कोरेगावहून

माझा घोटाळा दिशेचा होता. बोल्टचे तोंड जमिनीकडे असते, त्यामुळे गाडीशेजारी उकिडवे बसून वरून पाहिले की सोडवण्याची दिशा उलटी भासते. मी सोडवतो आहे असे समजून तो आवळतच गेलो, आणि हलत नाही म्हणून पान्याच्या दांड्यात पाइप घातला. एकदम हात हलका झाला, तेव्हा वाटले की सुटला. प्रत्यक्षात आटे गेले होते. बोल्ट नुसता जागेवर फिरू लागला. डोक्याखाली स्क्रू ड्रायव्हरची पात अलगद अडकवून खाली ओढत फिरवल्यावर तो निघाला, आणि त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची स्प्रिंगसारखी वेटोळी तार गुंतलेली होती. चेंबरचेच आटे होते ते. लेथवाल्या दादांनी भोक वाढवून नवा आटा मारला आणि त्यात हेलिकॉइल, म्हणजे आट्यांचे काम करणारे पोलादी तारेचे वेटोळे, बसवले. टॅपला, म्हणजे आटे पाडण्याच्या हत्याराला, भरपूर ग्रीस लावल्यामुळे बराचसा चुरा त्यालाच चिकटून आला. उरलेला चुंबकाने काढू असे मी म्हणालो, तर ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही हे त्यांनी लक्षात आणून दिले. शेवटी वरून थोडे नवे ऑइल ओतून, ते खालून वाहू देऊन आतली बाजू धुतली.

सांगलीहून

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीतल्या इतर गाड्यांप्रमाणे माझी गाडीही कित्येक दिवस पाण्याखाली होती. ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाच्या चहासारखे झाले होते, म्हणून इंजिन सुरू करून गरम करण्याचा मार्गच बंद होता. बोल्टभोवतीचा गाळ तारेच्या ब्रशने काढून मी गंज सोडवणारे तेल दोन रात्री मुरू दिले. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीकाकांनी बोल्टच्या आसपास चेंबरवर किटलीने उकळते पाणी ओतले, सहा कोनांची गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवली आणि बोल्ट आधी किंचित आवळून मग उलटा फिरवला. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे पकड सैल होते, असे त्यांनी समजावून सांगितले. कट्कन आवाज झाला तेव्हा मला बोल्ट तुटल्याचीच भीती वाटली; पण तो सुटला होता.

इस्लामपूरहून

दुसऱ्या दिवशी कामावर जाणे भाग होते, म्हणून मी ऑइल भरण्याच्या तोंडातून बारीक नळी घालून मोठ्या सिरिंजने जुने ऑइल ओढून घेतले आणि नवे भरले. वेळ निभावली, मात्र तळाचा गाळ तसाच राहतो, तेव्हा हा उपाय एकदाच करण्याजोगा आहे.

मिरजेहून

अनेक वर्षे फिटरचे काम केल्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. अडकलेले बहुतेक बोल्ट गंजाने नव्हे, तर आधीच्या माणसाने अवाजवी आवळल्याने अडकलेले असतात. ऑइल गळू नये ही जबाबदारी वायसरची आहे. तो दबून बसतो, म्हणून दर खेपेला नवा घालावा. जुनाच ठेवला की थेंब दिसतो, आणि थेंब दिसला की माणूस आणखी आवळतो. अशा १२ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला बारा ते पंधरा किलोचा ओढा. आवळताना पाइप तर कधीच घालू नये. धागाकर्त्यांच्या बोल्टचे डोके गोल झाले असले तरी आटे शाबूत आहेत. डोक्याच्या कडेला छन्नीने खाच पाडून, त्या खाचेत छन्नी तिरकी धरून सुटण्याच्या दिशेने लहान ठोके द्यावेत. तरीही न हलल्यास डोक्यावर नट वेल्ड करून घ्यावा. वेल्डिंगची उष्णताही कामी येते. मात्र त्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवावी आणि बॅटरीच्या वायरी काढाव्यात.

साताऱ्याहून, धागाकर्ता

मिरजेच्या काकांचे मनापासून आभार. इंजिन पाच मिनिटे चालवून कोमट केले आणि छन्नी लावली. सातव्या-आठव्या ठोक्याला बोल्ट केसभर सरकला, नंतर हातानेच फिरला. आटे स्वच्छ आहेत. नवा बोल्ट आणि वायसर आणला असून, तो वायसर ॲल्युमिनियमचा आहे. तांब्याचा मिळाला तर तो घालावा का, एवढे काकांनी सांगावे.