करडाचं जाळलेलं शिंग परत फुटलंय, पुन्हा जाळायचं का तसंच ठेवायचं?

विटेकर
नमस्कार मंडळी. विट्याजवळ आमचा नऊ शेळ्यांचा बंदिस्त गोठा आहे, सानेन या दुधाच्या जातीचा क्रॉस. एका पाटीच्या, म्हणजे मादी करडाच्या, शिंगाच्या कळ्या ती बारा दिवसांची असताना शिंगं येऊ नयेत म्हणून ओळखीच्या एकानं तापवलेल्या रॉडनं जाळून दिल्या. आता साडेचार महिन्यांची झाली, उजवी बाजू साफ आहे पण डावीकडं पुढच्या अंगाला दोन इंचाचा खुंट आलाय, वाकडा, टोक डोळ्याकडं वळतंय आणि हातानं धरला की मुळात हलतो. काल गव्हाणीच्या जाळीला आपटला आणि रक्त आलं, पार गालापर्यंत ओघळ. हळद भरली. घरात दोन मतं आहेत, भाऊ म्हणतो परत रॉड लावू, आई म्हणते मुक्या जिवाला किती जाळशील. तुमचा अनुभव सांगा.

जतचा पाहुणा
भाऊ परत जाळा, बिनधास्त. पहिल्या वेळी कडेची कळी जळाली न्हाय म्हणून पुढनं फुटलंय. आमी दोन-तीन करडांना दुसऱ्यांदा लावलाय, काय झालं न्हाय. बंदिस्त गोठ्यात शिंगं ठेवायचीच न्हाईत, एकदा एका शेळीनं दुसऱ्या गाभण शेळीच्या पोटात असं ढोसलं की तिसऱ्या दिवशी ती गाभडली, दोन करडं गेली.

दहिवडीची
दादा राग मानू नका पण 'काय झालं न्हाय' हे ज्याच्या गोठ्यात झालं त्याला विचारा. मागच्या वर्षी आमच्याकडं आठ दिवसांच्या करडाला रॉड लावला, जरा जास्त वेळ दाबून धरला गेला. दुसऱ्या दिवसापासनं ते मान एका बाजूला टाकून गोल गोल फिरायला लागलं, आचळ तोंडात दिलं तरी ओढेना, चौथ्या दिवशी गेलं. माझ्या मांडीवर गेलं. वासराला चालतं तसं करडाला चालत नाही, त्याची कवटी लय पातळ असते, उष्णता आत मेंदूला लागते. तेव्हापासून मी आमच्याकडं जाळणं बंद केलंय.

आटपाडीचा व्यापारी
मी बाजाराचं सांगतो. पाट असू दे नाहीतर बोकड, पण बोकडाची तर अजिबात जाळू नका. बकरी ईदचं गिऱ्हाईक आधी दात बघतं मग कान मग शिंग. जन्मतः बिनशिंगी असंल तर बरेच जण घेतात, पण शिंग मुळातनं मोडलेलं, जळालेलं किंवा असलं अर्धवट खुंट आलेलं जनावर बाजूला काढतात, आणि मग ते खाटकाच्या दरानं द्यावं लागतं. वर्षभर खाऊ घालून शेवटी नुकसान.

जतचा पाहुणा
बोकडाचं पटलं. पण विटेकरांची दुधाची पाट हाय, ती काय ईदला जाणार न्हाय. ताई तुमचं करडू गेलं त्याचं वाईट वाटलं, पण ती चूक दाबून धरणाऱ्या हाताची, रीत चुकीची न्हाय. कासंला शिंग लागून सड फाटलेली शेळी बघितलीय का तुमी? म्हणून रबराचं रिंग तरी बसवा मुळात, आपोआप गळून पडंल.

पशुवैद्यक, कराड
रबर रिंग नको. ती गळायला आठवडे लागतात, तेवढे दिवस जनावर दुखणं काढतं आणि धनुर्वाताचा धोका राहतो.

आता हे का होतं ते. जन्मल्यावर कळी फक्त कातडीत असते, म्हणून पहिल्या एक-दोन आठवड्यांत जाळली तर काम होतं. कळीच्या भोवतीच्या कातडीचा थोडा जरी भाग जिवंत राहिला तरी तिथनं असा वाकडा खुंट येतो, बोकडांत जास्त येतो कारण त्यांची कळी रुंद आणि पुढं निमुळती असते. तुमचा खुंट हलतो म्हणजे तो हाडाला पक्का धरलेला नाही, म्हणूनच आपटला की तुटून रक्त येणार. साडेचार महिन्यांत रॉडचा उपयोग नाही, वरून कातडी जळेल आणि खालचं तसंच राहील. मुळातनं कापायचं म्हणाल तर या वयात शिंगाची पोकळी कपाळातल्या पोकळीला जोडायला लागलेली असते, भोक पडलं की पावसाळ्यात माश्या बसून आळ्या पडल्याच म्हणून समजा. ते काम भूल देऊन डॉक्टरनंच करायचं, आणि शेळीला भुलीचं औषध वजन करून मोजूनच, जास्त झालं तर झटके येतात.

तुमच्या पाटीसाठी: टोक डोळ्याकडं जातंय तेवढंच थोडं थोडं कापत राहायचं. बोटांनी चाचपा, जिथं कोमट लागतं तिथं आत रक्त आहे, त्याच्या वरच थांबा. तिला धनुर्वाताचं इंजेक्शन द्या. जखम ओली दिसली तर माशी बसू नये म्हणून रोज बघा, कडेनं निंबोळी तेल लावा. १९६२ या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन केला तर फिरत्या पथकाची गाडी येते.

फलटणकर
हे सगळं टाळायचं असंल तर बिनशिंगी बोकड लावा की, बिनशिंगीपणा पिलांत उतरतो.

पशुवैद्यक, कराड
उतरतो, पण शेळी शिंगाचीच ठेवा. बोकड आणि शेळी दोन्ही बिनशिंगी असली तर काही माद्या दोन्ही लिंगांची लक्षणं घेऊन जन्मतात, त्या कधी गाभण राहत नाहीत. सानेनमध्ये हे माहितीतलं आहे, आणि शिंगाला जोडलेल्या जनुकातल्या बिघाडानं होतं हे २००१ सालीच कळलंय.

दहिवडीची
म्हणजे शिंगं नसली तरी त्रासच. माणसानं गव्हाणीची जाळी नीट करावी, बांधायची जागा वाढवावी, जनावराचं कपाळ कशाला बदलायचं. उन्हात शिंगातनं अंगातली उष्णता बाहेर जाते, आमच्या माणदेशात त्याचं काय मोल आहे ते वैशाखात कळतं.

जतचा पाहुणा
जागा कुणाकडं हाय ताई. ज्याला दोन गुंठ्यात वीस शेळ्या ठेवायच्यात त्याचं पण ऐका.

विटेकर
सगळ्यांचं वाचलं, घरात मोठ्यानं वाचून पण दाखवलं. भाऊ रॉड परत द्यायला गेलाय. आज सकाळी मी खुंट मुठीत धरून चाचपला, वरचा अर्धा इंच गार लागला, तिथंच बारीक करवतीनं थोडं कापलं, रक्त आलं नाही, ती तोंडातला कडबा चघळत उभी होती. गुरुवारी डॉक्टर येणार आहेत, तोवर गव्हाणीच्या आडव्या पाइपाला गोणपाट गुंडाळलंय. पुढच्या महिन्यात दोन शेळ्या व्यायला आल्यात, त्यांच्या करडांचं काय करायचं ते अजून ठरलं नाही, आईनं एवढंच सांगितलंय की या वेळी तिला विचारल्याबिगर कुणी गोठ्यात रॉड आणायचा नाही.