सरकारी रोटा डोस घेऊनही जुलाब होतात, मग द्यायचा कशाला?

दीड_महिन्याची_आई (संगमनेर):
बाळ परवा दीड महिन्याचं होतंय. आशाताई सांगून गेल्या, मंगळवारी उपकेंद्रात आणा, पेंटा-पोलिओबरोबर रोटाही (जुलाबाच्या विषाणूवरची तोंडातून द्यायची लस) आहे. सासूबाई म्हणतात, दात येताना जुलाब व्हायचेच, त्याला लस कसली! नणंदेच्या मुलाला तिन्ही डोस झालेत, तरी नवव्या महिन्यात आठ दिवस जुलाब. आणि एका खाजगी डॉक्टरांचं म्हणणं, फुकटचं नको, बाहेरच्या कंपनीचं घ्या, दोनच डोस लागतात. काय करू?

निवृत्त_सिस्टर:
ताई, ३१ वर्षं एएनएम (उपकेंद्राची नर्स) होते, त्यातली बरीचशी डोंगरातल्या उपकेंद्रांवर. आधी नणंदेला एक विचार: त्या आठ दिवसांत सलाईन लागलं का?

पावसाळ्यातले जुलाब वेगळे, थंडीतले वेगळे. जानेवारीत विहीर नितळ, टीसीएल (पाणी शुद्ध करायची पावडर) टाकलेलं, तरी सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतची पोरं आधी ओकायची, मग पाण्यासारखी शी. संध्याकाळपर्यंत टाळू खोल. हाताला शीर सापडायची नाही, मग डॉक्टर डोक्यात सुई लावायचे आणि आई भिंतीकडे तोंड करून उभी. आम्ही म्हणायचो, थंडी बाधली. तो रोटा होता हे मला २०१९ च्या ट्रेनिंगमध्ये कळलं, आपल्याकडे लस आली तेव्हा. (आंध्र, ओडिशा, हरियाणा, हिमाचलात ती २०१६ लाच सुरू झाली होती.)

जुलाबाची कारणं पन्नास, ही लस एकावर. पण मूल आडवं करणारं सगळ्यात मोठं कारण तेच. लसीआधी जुलाबाने दवाखान्यात भरती झालेल्या पाच वर्षांखालच्या दर दहा मुलांत चारेकांना रोटा निघायचा, लसीनंतरच्या पाहणीत ते प्रमाण दोनावर आलं. कुणी शंभर टक्के म्हणालं तर विश्वास ठेवू नकोस. रोटाव्हॅकची (आपल्या सरकारी रोटा लसींपैकी एक) चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुण्याजवळच्या वढूला सहा हजारांवर बाळांवर झाली, तीव्र आजारापासून बचाव निम्म्याहून थोडा जास्त. बाहेरच्या लसीचं आफ्रिकेतल्या मलावीत साधारण तेवढंच दिसलं. गरीब मुलखातल्या पोटांत सगळ्याच रोटा लसी कमी पडतात, फुकट-विकतचा संबंध नाही.

पुणेकर_बाबा:
सिस्टर, या लसीने आतड्यात आतडं अडकतं म्हणतात. ते खरं का?

निवृत्त_सिस्टर:
दादा, १९९९ मध्ये अमेरिकेत एक रोटा लस त्याच कारणाने बंद झाली, ती वेगळी. आपल्याकडे रोटाव्हॅक सुरू झाल्यावर खास त्यावरच लक्ष ठेवलं गेलं, धोका वाढल्याचं दिसलं नाही. तरी बाळ थांबून थांबून किंचाळत असेल, पोट फुगलंय, शीमध्ये रक्ताळलेला चिकट शेंबूड दिसतोय, तर लस झालेली असो-नसो, थेट दवाखाना.

ताई, पहिला डोस वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा, पुढचे अडीच आणि साडेतीन महिन्यांना. कुठे पाच थेंब देतात, कुठे बिनसुईच्या सिरिंजने अडीच मिली. लस वेगळी, काम तेच. आणि सासूबाईंना सांग, दात येतात तेव्हा बाळ दिसेल ते तोंडात घालतं, जुलाब त्याचे.

दीड_महिन्याची_आई:
मंगळवारी जाऊन आलो. सिरिंजवाला निघाला. बाळाने तोंड वाकडं केलं पण गिळलं. मांडीवर घेऊन सासूबाईच बसल्या होत्या, पेंटाच्या सुईला मात्र मला पुढे केलं. नणंदेला विचारलं: सलाईन नाही, ओआरएस आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या, तेवढ्यावर भागलं होतं.