डेस्कटॉप दुरुस्त करू की नवा घेऊ? चतुर्थीआधी निर्णय हवा आहे (फोंडा, गोवा)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं तर तुम्हालाही सल्ला देणं कठीण जाईल.

मी फोंडा तालुक्यात राहते आणि घरीच डीटीपीची, म्हणजे संगणकावर छपाईची पानं मांडायची कामं करते. लग्नपत्रिका, जत्रांच्या कार्यक्रमपत्रिका, सप्ताहाची पत्रकं, गावच्या नाटकांच्या जाहिराती. डेस्कटॉप २०१४ मध्ये पणजीत असेंबल करून घेतला. चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० आहे. इतकी वर्षं त्याने कधी दगा दिला नाही.

जूनमध्ये पाऊस लागला तेव्हापासून बिनसलंय. सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. कधी कधी लांब बीप वाजत राहते. चार-पाचदा बंद-चालू केलं की मग सुरू होतो. दुपारी ऊन पडलेलं असेल तर मात्र पहिल्या झटक्यात चालू! तारीख रोज १ जानेवारीवर जाते, त्यामुळे बँकेची साइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही म्हणते. प्रिंट दिली की चारातून एकदा सगळा संगणक रीस्टार्ट होतो. आणि गेल्या आठवड्यापासून हार्ड डिस्कमधून टक्, टक् असा आवाज येतोय. फाइल सेव्ह करताना अर्धा-एक मिनिट सगळं थिजतं.

जवळच्या दुकानात नेला. त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं की मदरबोर्ड गेला, या पिढीचा नवा मिळत नाही, जुना काढलेला ५,५०० ला बसवून देतो पण गॅरंटी नाही. त्यापेक्षा ४१,००० चा नवा सेट घ्या. उघडून काय पाहिलं ते विचारलं तर उत्तर मिळालं नाही.

पैसे उभे करता येतील, पण सोपं नाही. खरी अडचण वेगळी आहे. माझं सगळं जुनं काम पेजमेकर ७ या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आणि युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या मराठी फॉन्टांत आहे. त्यात गावच्या घुमट आरत्यांची (घुमट या मातीच्या वाद्याच्या साथीने म्हणतात त्या) ३२ पानांची पुस्तिका आहे. सासऱ्यांनी जुन्या गायकांकडून आरत्या उतरवून घेतल्या होत्या. मी टाइप करायचे आणि ते शेजारी स्टूल घेऊन बसायचे. मांडीवर बोटांनी ठेका धरून एकेक ओळ म्हणून बघायचे आणि मगच ‘हां, आता बरोबर’ म्हणायचे. दोन वर्षं लागली. गेल्या वर्षी ते गेले. यंदा चतुर्थीला मंडळ ती पुस्तिका छापणार आहे आणि तपासलेली प्रत फक्त याच डिस्कवर आहे.

दुरुस्ती करण्यात अर्थ आहे का? की नवा घेऊन मोकळी होऊ? आणि जुन्या फाइल नव्यावर उघडतील का?

प्रतिसाद, म्हापसा

ताई, दुरुस्त की नवा हा प्रश्न आज बाजूला ठेवा. डिस्क टकटक करतेय म्हणजे तिचं वाचणारं हेड अडखळतंय. ती कधीही कायमची बसेल. पुढचा संगणक चालू होईल तेव्हा दुसरं काही उघडू नका. आधी आरत्यांचा फोल्डर पेन ड्राइव्हवर घ्या. नुसती पेजमेकरची फाइल नको, त्यात लावलेली चित्रं आणि फॉन्टचा फोल्डरही घ्या. पेजमेकर मोठी चित्रं फाइलच्या आत न ठेवता बाहेरून जोडतो आणि फॉन्ट नसला तर तुमच्या आरत्या इंग्रजी अक्षरांचा काला होऊन दिसतील.

आणि हात जोडून सांगतो, चेकडिस्क (विंडोजमधली डिस्क तपासायची सोय) चालवू नका. खूप जण तो सल्ला देतील. मरणाऱ्या डिस्कला तो आणखी धावायला लावतो, आणि ‘दुरुस्ती’ करताना फाइलींचे तुकडेही करून ठेवतो.

प्रतिसाद, सावंतवाडी

मी वीस वर्षं हीच कामं करतोय. कोकणपट्टीत पावसाळ्यात येणाऱ्या दहा संगणकांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं एकच असतं, दमट हवा. उन्हात चालू होतो आणि सकाळी होत नाही, हे तुम्ही लिहिलंत तेच निदान आहे. मदरबोर्ड खरोखर गेला असता तर त्याने ऊन-पाऊस बघितला नसता. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पापुद्रा धरतो, स्पर्श नीट होत नाही, म्हणून बीप.

प्लग काढा, बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला करंट जाईल. रॅम काढा, पट्ट्या मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कोरड्या ब्रशने खाचेतली धूळ काढा, ‘टक्’ वाजेपर्यंत परत बसवा. तारखेसाठी बोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की साइटची सुरक्षा-प्रमाणपत्रं मुदतीबाहेरची दिसतात, बँकेचं कारण तेवढंच.

एक सांगा, प्रिंटर लेझर आहे का, आणि कुठे जोडलाय?

धागाकर्ती

हो, लेझरच आहे. यूपीएसच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये.

प्रतिसाद, सावंतवाडी

मग तिथेच गोम आहे. लेझर प्रिंटरमधला रोलर तापताना क्षणभर प्रचंड करंट ओढतो. घरगुती यूपीएसला तो झेपत नाही, व्होल्टेज बसतं आणि संगणक रीस्टार्ट होतो. आज तो प्रिंटर सरळ भिंतीच्या प्लगात लावा. पैसा खर्च नाही.

प्रतिसाद, पुणे

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. दुरुस्ती होईलही, पण विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. वेगळी नोंदणी केली तर घरगुती ग्राहकांना सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षेची सोय) लागतं आणि इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. तुमचा चौथ्या पिढीचा त्यात बसत नाही. या मशीनवर तुमचं पोट आहे आणि त्याच्यावरूनच बँकेचे व्यवहार करता. ते मला धोक्याचं वाटतं. आठव्या-नवव्या पिढीचा वापरलेला ऑफिस डेस्कटॉप बिलासह, सहा महिने-वर्षाच्या वॉरंटीने मिळतो. ४१,००० घालायची गरज नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री डब्बा उघडला, काय सापडलं ते सांगते.

आधी आरत्या. दुपारी चालू झाल्या झाल्या फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला. २७ व्या पानावरचं समईचं चित्र कॉपी होताना पाच मिनिटं अडकलं, माझा जीव अगदी वर आला, पण झालं. तिथेच बंद केला.

बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं तर आतून ओल्या मातीसारखा वास. मदरबोर्डवरचे कपॅसिटर (चार्ज साठवणारे छोटे गोल भाग) डोक्यावर सपाट, एकही फुगलेला नाही. पितळी स्क्रूंवर हिरवट डाग होते. रॅमची पट्टी काढून बॅटरीच्या उजेडात धरली, तर कोपऱ्यातल्या सात-आठ पट्ट्या काळपट पडलेल्या. खोडरबराने घासल्यावर लख्ख झाल्या, रबर मात्र काळं. आज सकाळी, धो धो पावसात, पहिल्याच बटणाला सुरू झाला. सेलही बदलला, तारीख टिकली. प्रिंटर भिंतीला लावून तीस पानं काढली, एकदाही रीस्टार्ट नाही.

पण एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) जाळीतून आत बघितलं तेव्हा पांढऱ्या अंड्यांसकट मुंग्यांचं वारूळच दिसलं आणि एका कपॅसिटरच्या डोक्यावर तपकिरी पापुद्रा. तो उघडून साफ करू का?

प्रतिसाद, सावंतवाडी

नाही बाय, एसएमपीएस मुळीच उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जबर झटका बसेल इतका चार्ज उरलेला असतो. डोक्यावर पापुद्रा म्हणजे रस बाहेर आलाय, त्याचे दिवस भरले. नवा चांगल्या कंपनीचा, साधारण ४५० वॉटचा बसवून घ्या. बसवणाऱ्याला मल्टिमीटर लावायला सांगा. पिवळ्या वायरवर ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत यायला हवं, लालवर ५ च्या आसपास, नारिंगीवर ३.३. मरताना खराब एसएमपीएस बोर्ड आणि डिस्क दोन्ही सोबत नेतो, म्हणून यात काटकसर नको.

प्रतिसाद, म्हापसा

डिस्कची तब्येत ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’त बघितलीत का? फुकट आहे.

धागाकर्ती

बघितली. पिवळा रंग, ‘कॉशन’. बदललेले सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे छोटे कप्पे) आणि बदलायच्या रांगेत असलेले सेक्टर, दोन्हींचे आकडे शून्य नाहीत.

प्रतिसाद, म्हापसा

मग डिस्क जाणार हे नक्की धरा. ५१२ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) घ्या. पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) चालू करून ‘डीडीरेस्क्यू’ने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल त्यावर करा. ते आधी वाचता येणारं सगळं घेतं, अवघड जागा शेवटी पुन्हा पुन्हा करून बघतं, आणि कुठवर पोचलं त्याची नोंद ठेवतं, म्हणजे मध्येच करंट गेला तरी पहिल्यापासून करावं लागत नाही. मूळ आणि नक्कल यांची अदलाबदल झाली तर सगळं पुसलं जाईल, तेवढं दोनदा बघा. येत्या रविवारी मी फोंड्याला येणार आहे, हवं तर समोर बसून करू.

प्रतिसाद, पुणे

जुन्या फाइलींबद्दल राहून गेलं होतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याच्या फाइल इनडिझाइन या पानं मांडायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या उघडायच्या, नंतरच्या उघडत नाहीत. म्हणजे नवं मशीन आणि आजचं सॉफ्टवेअर घेतलंत तर आरत्यांची फाइल त्यात थेट येणार नाही. हे लक्षात घेता जुनं मशीन जिवंत ठेवण्याला अर्थ आहे, माझं आधीचं मत मी थोडं बदलतो. फक्त त्याचं इंटरनेट काढून टाका. आणि चालू आहे तोवर प्रत्येक महत्त्वाच्या कामाची फॉन्ट आत घेतलेली पीडीएफ काढून ठेवा. मजकूर हवा असेल तर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, पण जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासायला लागतील.

धागाकर्ती

उशिरा लिहितेय, कामात होते. रविवारी नक्कल झाली. सगळी रात्र चालली. अगदी थोडा भाग वाचता आला नाही आणि गेलं ते काय, तर २०१७ च्या एका लग्नाचे फोटो. जुनी डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेवलीय. नवा एसएमपीएस आणि एसएसडी मिळून खर्च सहा हजारांच्या आत झाला. आता विंडोज इतक्या लवकर उघडतं की मला अजून सवय झालेली नाही.

निर्णय असा केलाय. हा डेस्कटॉप पेजमेकरच्या कामापुरता ठेवणार, नेटची वायर काढलीय, बँकेचं काम फोनवर. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची घाई सुरू होते, त्याआधी आठव्या पिढीच्या पुढचा वापरलेला डेस्कटॉप घेणार आणि नवी कामं पहिल्यापासून युनिकोडमध्येच करणार. ४१,००० चा सेट घेतला नाही. मुख्य म्हणजे मदरबोर्ड गेलाच नव्हता.

आरत्यांची पीडीएफ काल छापखान्यात दिली. पाठवण्याआधी मंडळातल्या दोघा म्हाताऱ्या गायकांना घरी बोलावलं, घुमट, शामेळ आणि कांसाळं ही वाद्यं घेऊन. पान पान उघडून त्यांनी म्हणून बघितलं. एका आरतीत एक ऱ्हस्व-दीर्घ निघाला, बाकी सासऱ्यांनी ठेवलं होतं तसंच.

शेवटचा एक प्रश्न. नवा डेस्कटॉप आला की हा आठवड्यातून एकदाच लागेल. पावसाळ्यात असा पडून राहिला तर पुन्हा रॅम काळी पडेल ना? प्लास्टिकने झाकून ठेवू का?

प्रतिसाद, सावंतवाडी

प्लास्टिक नको, आत दमट हवा कोंडते. साधं सुती कापड टाका, आणि तेही बंद असतानाच. भिंतीपासून वीतभर पुढे, जमिनीपासून वर ठेवा. आणि काम असो नसो, जून ते सप्टेंबर रोज तासभर चालू करा. त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतला ओलावा जातो. मुंग्यांसाठी टेबलाच्या पायांभोवती खडूची रेघ मारा, औषध डब्यात फवारू नका.