अनुभव धागा : रानातल्या प्राण्यांनी खोडून काढलेली समजूत

प्राण्यांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे असे आपण सहज म्हणतो आणि लगेच मुंगीचा उद्योग, सिंहाचे धैर्य अशी शाळेतली सुभाषिते पुढे करतो. सिंह तर खानदेशात कोणी रानात पाहिलेलाही नाही. म्हणून या धाग्यासाठी अट एकच ठेवली होती: तापीकाठ, सातपुडा किंवा सातमाळा, जिथे आपले येणेजाणे आहे तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले लिहावे आणि त्यामुळे आपली कोणती समजूत मोडली तेही सांगावे. आलेल्या अनुभवांपैकी काही पुढे देत आहे.

अमळनेर तालुका, शेतकरी

टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली तर पाऊस भरपूर आणि सखल जागी घातली तर ओढ, असे आमचे आबा सांगत. त्यामुळे मे महिन्यात वखरणी करताना टिटवीची अंडी दिसली की आम्ही आधी जागेची उंची पाहायचो. पक्ष्याकडे कोणी बघत नसे. काही वर्षांपूर्वी कपाशीच्या मोकळ्या रानात ढेकळांच्या मधोमध चार अंडी सापडली. मातकट रंग आणि वर काळे ठिपके, त्यामुळे दोन पावलांवरूनही ती मातीपासून वेगळी दिसत नव्हती. ट्रॅक्टरवाल्याने तेवढा तुकडा सोडला आणि मी बांधावरच्या निंबाखाली बसून राहिलो.

पारा ४५ अंशांवर असेल. टिटवी अंड्यांवर बसलेली नव्हती, तर पंख किंचित सैल सोडून त्यांच्यावर सावली धरून उभी होती. थोड्या वेळाने ती उडाली, गुरांच्या हौदाखाली साचलेल्या पाण्यात पोटाची पिसे भिजवून परत आली आणि ओल्या अंगाने अंड्यांवर टेकली. ती गेली तेवढ्या वेळात जोडीदाराने जागा घेतली होती. नर कोणता आणि मादी कोणती हे मला सांगता येणार नाही, कारण दोघे दिसायला सारखेच. अंडी उबवायची म्हणजे ऊब द्यायची एवढेच मला ठाऊक होते; आमच्याकडच्या उन्हात मात्र दुपारचे खरे काम ती गार ठेवण्याचे असते. त्या वर्षी मुलगा बारावीला होता आणि काळजीच्या नावाखाली मी त्याला सकाळ-संध्याकाळ तापवत होतो. संध्याकाळी घरी गेल्यावर अभ्यासाचे काहीही विचारले नाही, तेव्हा तोच दोनदा येऊन माझ्याकडे पाहून गेला. पाऊस त्या वर्षी कसा झाला ते आता आठवत नाही.

चोपडा, निवृत्त शिक्षिका

आमच्या केळीच्या बागेत एकदा दोन धामणी एकमेकींना पीळ घालून, अंगाचा पुढचा भाग हातभर उंच उचलून डुलत होत्या. सासूबाईंनी मला कोरे फडके आणायला पिटाळले, कारण सापांच्या जोडीवर टाकलेले कापड घरात ठेवले की बरकत येते अशी श्रद्धा. पुढे एका सर्पमित्राने समजावले की ते दोन्ही नर होते आणि ते मीलन नसून झुंज होती. अशा झुंजीत प्रतिस्पर्ध्याचे डोके खाली दाबण्याचा खेळ चालतो आणि हरलेला मुकाट्याने निघून जातो. मी मात्र इतकी वर्षे वर्गात गळ्यात हात टाकून फिरणाऱ्या मुलांना जिवलग मित्रच समजत आले होते. त्यातल्या एका जोडीत एक दुसऱ्याला रोज धमकावत होता, हे मला त्यांनी शाळा सोडल्यानंतर कळले.

(फडके टाकण्यापेक्षा धामणीला तिच्या वाटेने जाऊ द्यावे, कारण शेतातले उंदीर खाऊन ती जे राखते तीच खरी बरकत.)

पारोळा तालुका, व्यावसायिक

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला लटकणारे सुगरणीचे अर्धवट खोपे वाऱ्याने मोडलेले असावेत असे वाटे. वास्तविक घरटे नर विणतो, ते अर्धे झाले की मादी येऊन तपासते आणि तिला पसंत पडले नाही तर अनेकदा ते तसेच लोंबकळत राहते व तो शेजारी नवे सुरू करतो. मी न चालणाऱ्या दुकानाचे भाडे दोन वर्षे भरले.

चाळीसगाव, हौशी निरीक्षक

माझे म्हणणे थोडे निराळे आहे. पाटणादेवीच्या परिसरात, म्हणजे गौताळा-औट्रमघाट अभयारण्याच्या या बाजूला, मी अनेक वर्षे वानरांचे कळप पाहत आलो. काळेभोर नवजात पिल्लू एका मादीकडून दुसरीकडे जाते, मावशा-काकूंसारख्या साऱ्याजणी त्याला खेळवतात, हे पाहून मी एकत्र कुटुंबावर भाषणेसुद्धा दिली. नंतर वाचनात आले की बाहेरचा नर कळपाचा ताबा घेतो तेव्हा कधी कधी अंगावर पिणारी पिल्ले मारून टाकतो. धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकांनी १९६० च्या दशकात याची नोंद केली होती. आता यातून कोणता धडा घ्यायचा? वानर वानरासारखे वागते, आणि आपल्याला सोयीचे तेवढे उचलून त्याला गुरू करणे हा त्याच्यावरही अन्याय आहे. भाषणे बंद केली, पाहणे चालू आहे.

शहादा तालुका, वनमजूर

ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची दोन पिल्ले सापडली. माणसाचा हात लागला की आई पिल्लांना जवळ करत नाही, असे टोळीतले सगळेच म्हणत होते आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटत होते. साहेबांनी पिल्ले केळीच्या क्रेटमध्ये ठेवून त्याच सरीत नेली, जवळ कॅमेरा बांधला आणि दिवस मावळण्याआधी सगळ्यांना लांब काढले. एका तोडणीवालीचे तान्हे बांधावर झोळीत होते. त्याला उचलताना तिने विचारले, "भाऊ, दोन आहेत हे तिला कळंल का?" मला उत्तर देता आले नाही.

सकाळी क्रेट आडवे पडले होते. कॅमेऱ्यात मादी एक पिल्लू मानेला धरून जाताना दिसली आणि चाळीस मिनिटांनंतरच्या छायाचित्रात पुन्हा तीच, रिकाम्या तोंडाने परत येताना. तोडणीवालीने दोन्ही छायाचित्रे नीट पाहिली, झोळी नव्या झाडाला बांधली आणि कोयता घेऊन उसात शिरली.