पक्ष्याकडे नाही, अंड्याकडे बघा

इथं एकाने लिहिलंय की 'डाँकी काँग कंट्री २' या व्हिडिओ गेममधल्या क्रो या पक्ष्याला हरवणं हा निव्वळ नशिबाचा खेळ आहे. मला हे अजिबात पटत नाही. १९९५ सालच्या या गेममधला तो पहिलाच बॉस (टप्प्याच्या शेवटी भेटणारा मोठा शत्रू) आहे आणि मला तो फार आवडतो, कारण त्याला मारायचं हत्यार तो स्वतःच आणून देतो.

तो वरून अंडं टाकतो. ते उसळत असताना हात लावलात तर मार बसणार. आधी त्यावर उडी मारायची, ते थांबलं की उचलायचं आणि क्रो खाली आला की फेकायचं. बहुतेक जण पक्ष्यावर डोळा ठेवतात, तिथंच चुकतं. माझा भाचाही तसाच हरत होता. सांगलीत आयर्विन पुलावर उभं राहून आम्ही घारी बघतो, तेव्हा त्याला म्हटलं, "घार झडप घालताना फक्त भक्ष्याकडे बघते, तूही अंड्याकडे बघ." चौथ्या डावाला जिंकला!

गेममध्ये आपण डिडी किंवा डिक्सी या माकडांपैकी एक होऊन खेळतो, त्यात डिडीपेक्षा डिक्सी घ्या. तिची वेणी फिरवून हळूहळू खाली येता येतं, त्यामुळे अंड्यावर नेमकं उतरायला वेळ मिळतो. नवख्यांना याचा खरंच फार उपयोग होतो. वरून अंड्यांचा पाऊस सुरू झाला की मात्र फेकाफेकीचा विचार सोडा, आधी नुसता जीव वाचवा.

पुढे ग्लूमी गल्च या टप्प्यात हाच क्रो भूत होऊन परत येतो. तिथं कोणी काय करतं, ते जरूर लिहा.